सरकारी खात्याच्या बोर्डावर बाहेरचा माणूस : खरं काम की शोभेची खुर्ची?

थेम्सकाठचा

मंडळी, सल्ला हवाय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

इथल्या (ब्रिटनमधल्या) एका मंत्रालयाच्या बोर्डावर लीड नॉन-एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे. मी आपणहून ती जाहिरात बघितली नसती. भरतीचं काम घेतलेल्या एजन्सीतून एका बाईंचा फोन आला, 'तुमचा अनुभव बसतोय, अर्ज टाकाच' म्हणून गळ घातली. माझी उभी हयात फायनान्समध्ये गेली, शेवटची वर्षं पायाभूत सुविधांच्या एका मोठ्या कंपनीत. आता नोकरी सोडली आहे, वेळ भरपूर आहे आणि स्वस्थ बसवत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : इथे मंत्रालयांना कंपनीसारखं बोर्ड असतं. अध्यक्ष खुद्द मंत्री. शिवाय राज्यमंत्री, पर्मनंट सेक्रेटरी (आपल्याकडचे सचिव समजा), वित्तप्रमुख आणि बाहेरून आणलेले किमान चार जण (हेच नॉन-एक्झिक्युटिव्ह, रोजचा कारभार न बघणारे), शक्यतो मोठे धंदे चालवलेले. २०१० मध्ये कॅमेरॉन सरकार आलं तेव्हा फ्रान्सिस मॉड यांनी या बोर्डांना हे रूप दिलं, आणि बीपी या तेल कंपनीचे माजी प्रमुख लॉर्ड ब्राउन यांना सगळ्या खात्यांतल्या बाहेरच्या मंडळींचं म्होरकेपण दिलं. त्यांच्यामागून इयन चेशायर, मग मायकेल जॅरी. एकेका खात्यातल्या बाहेरच्यांचा जो मुख्य, तो त्या खात्याचा लीड.

साध्या सदस्याला वर्षाला १५ हजार पौंड, लीडला २०. काम कागदावर महिन्याला दोनेक दिवस. पैशासाठी कोणी हे करत नाही, कित्येक जण मानधन घेतही नाहीत. माझी अडचण वेगळी आहे. माहितीपत्रक उलटंपालटं करून वाचलं तरी त्यात अधिकार म्हणावा असा काही सापडत नाही. बोर्ड सल्ला देतं, निर्णय मंत्री घेतात, पैशाचा जाब संसदेच्या लोकलेखा समितीपुढे पर्मनंट सेक्रेटरी देतात. मग लीडने तिथे जाऊन करायचं काय? कोणी आतून बघितलंय का?

खडूस_पुणेकर

महामंडळावर वर्णी लागण्याचा विलायती अवतार. लाल दिवा तेवढा नसेल.

सातारचा_पेन्शनर

खडूसराव, एका ओळीत निकाल लावू नका.

मी केंद्राच्या एका सार्वजनिक उपक्रमात कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली काढली पुष्कळ वर्षं, त्यामुळे आपल्याकडचं चित्र सांगतो. आपल्या मंत्रालयांना असं बोर्ड नाही. पण सरकारी कंपन्यांत स्वतंत्र संचालक असतात, २०१३ च्या कंपनी कायद्याने ते अनिवार्य झाले. आता गंमत बघा. खासगी कंपनीत हा माणूस सचोटीचा आणि लायक आहे असं बोर्डाचं मत व्हावं लागतं. जून २०१५ च्या अधिसूचनेनंतर सरकारी कंपनीत ते मत कोणाचं? तर संबंधित मंत्रालयाचं. नाव मंत्रालयातूनच पुढे सरकतं, शिक्कामोर्तब मंत्रिमंडळाच्या नेमणूक समितीत. म्हणजे मालक सांगणार की हा माणूस मालकापासून स्वतंत्र आहे.

त्यातून यायचे ते लोक यायचे. कोणी निवृत्त प्राध्यापक, कोणी पक्षाचे जिल्हा पातळीवरचे पदाधिकारी. सगळेच टाकाऊ नसत, हे मुद्दाम सांगतो. एक गृहस्थ तर सहकारी बँकेतून आलेले, ताळेबंदाच्या तळटिपा आधी वाचायचे. येणी तीन वर्षं जुनी असून 'वसूल होण्याजोगी' का दाखवलीत, एवढं एकच विचारलं त्यांनी पहिल्या बैठकीत. आमच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला तो ठेवायचं विसरले. पुढच्या तिमाहीत त्यातली बरीचशी येणी बुडीत धरून तरतूद केली. त्या गृहस्थांना दुसरी मुदत मिळाली नाही, हेही ओघाने आलंच.

अवांतर : भत्ता बैठकीमागे जास्तीत जास्त एक लाख रुपये, तोही कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा म्हणून. प्रत्यक्षात आमच्याकडे फारच कमी होता.

फायलीतला_किडा

मी अशाच एका खात्यात आहे, लंडनला. बोर्डाचे कागद तयार करणाऱ्या चमूत काही काळ काढलाय. खातं सांगणार नाही, विचारू नका.

काका, अधिकार नाहीत हे तुम्ही बरोबर वाचलंत. पण बोर्डाची बैठक हा या कामाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. टेबलाभोवती खूप माणसं, समोर जाडजूड गठ्ठा, मंत्र्यांना मतदानासाठी संसदेत पळायची घाई. तिथे कोणी मन मोकळं करत नाही.

खरा मामला आधीच्या आठवड्यात असतो. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला लाल, पिवळा, हिरवा असा शेरा असतो. प्रकल्प चालवणारा लिहितो लाल. त्याचा साहेब म्हणतो, 'अरे, उपाय चाललेत ना?' आणि करतो पिवळा. बोर्डाच्या गठ्ठ्यात येईस्तोवर त्याला हिरवट झाक आलेली असते. कोणी खोटं बोललेलं नसतं, हं! प्रत्येकाने जरासा समजूतदारपणा दाखवलेला असतो. आमच्या एका लीडची सवय अशी, की गठ्ठा हातात पडला की मधल्या सगळ्यांना ओलांडून थेट प्रकल्पप्रमुखाला फोन. 'मागच्या वेळी लाल होतं. मधल्या तीन महिन्यांत काय घडलं तेवढं सांग.' बास. दोन-तीन फेऱ्यांत खालून येणारे शेरे सरळ झाले, कारण फोन येणार हे सगळ्यांना कळलं होतं. हे करायला नियमात कलम नाही, आणि अडवायलाही नाही.

बाकी, अगदी हात रिकामे नसतात. पर्मनंट सेक्रेटरीच्या वार्षिक मूल्यमापनात लीडचं मत घेतलं जातं. आणि २०१० च्या बदलांत एक तरतूद अशी आली, की पर्मनंट सेक्रेटरी कामात अडसर ठरतोय असं वाटलं तर बाहेरचे सदस्य त्याला हटवायची शिफारस करू शकतात. नोकरशाहीला तेव्हा ती चांगलीच झोंबली होती.

अर्ज करायच्या आधी एक करा. त्या खात्याचा वार्षिक अहवाल उघडा आणि कारभाराबद्दलच्या निवेदनात हजेरीचा तक्ता शोधा. बोर्ड वर्षात किती वेळा बसलं, मंत्री स्वतः किती बैठकांना होते. तिमाहीला किमान एक बैठक अपेक्षित आहे. तेवढ्याही झाल्या नसतील तर मुलाखतीत कारण विचारा.

थेम्सकाठचा

किडेराव, हे उत्तम सांगितलंत. तक्ता आजच काढतो.

खडूस_पुणेकर

अहो, पण त्या फोनवाल्या लीडला आणलं कोणी? मंत्र्याने. मग तो मंत्र्याला कधी फोन करतो का तेही सांगा की.

एका ओळीवरून ओरडा पडला म्हणून तपशिलात लिहितो. आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक २६ जून २०२१ ला गेले. ज्या बाईंसोबतच्या प्रकरणामुळे गेले, त्या त्यांच्याच खात्याच्या बोर्डावर बाहेरच्या सदस्य होत्या. कॉलेजपासूनची ओळख, आधी सल्लागार, मग बोर्डावर. प्रकरण बाजूला ठेवा, ते त्यांचं खासगी. पण मंत्र्याच्या जुन्या मैत्रिणीने मंत्र्यावर देखरेख ठेवायची, ही रचना कोणालाच खटकली नव्हती? किंवा २०२० मधलं कॅबिनेट ऑफिस घ्या. मंत्री मायकेल गोव्ह, ब्रेक्झिटसाठीच्या 'व्होट लीव्ह' मोहिमेतले. लीड म्हणून कोण आलं, तर त्याच मोहिमेच्या अध्यक्षा राहिलेल्या जिझेला स्टुअर्ट. बाई मजूर पक्षाच्या माजी खासदार आहेत, कर्तबगारही असतील. तरी पण.

हेडहंटरीण

खडूस यांच्या मुद्द्यात दम आहे. मी भरतीच्या धंद्यात आहे (काका, तुम्हाला फोन करणारी मी नव्हे!), म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

नियंत्रक मंडळं, संग्रहालयं, महामंडळासारख्या संस्था यांच्या नेमणुकांवर इथे सार्वजनिक पदांच्या भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र आयुक्तांची नजर असते. खात्यांच्या बोर्डांवरच्या नेमणुका मात्र वर्षानुवर्षं त्या चौकटीबाहेर राहिल्या. त्यामुळे कुठे रीतसर जाहिरात, छाननी, पॅनेल, तर कुठे मंत्र्याच्या मनातलं नाव थेट. सार्वजनिक जीवनातल्या नीतिमत्तेवर देखरेख ठेवणारी समिती आहे, नोलन समिती म्हणून जुने लोक ओळखतात. तिने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की या नेमणुकाही नियमांच्या कक्षेत आणा. २०२३ मध्ये संसदेच्या समितीने तर याच पदांवर अख्खा अहवाल काढला. तेव्हा खडूस काही नवं म्हणत नाहीत, वेस्टमिन्स्टरही तेच म्हणतंय.

रीतसर भरती असेल तर पॅनेलमध्ये बहुधा पर्मनंट सेक्रेटरी, एखादा विद्यमान बाहेरचा सदस्य आणि एक तटस्थ माणूस. पॅनेल फक्त 'नेमणुकीस योग्य' कोण ते सांगतं. त्यातून निवड मंत्र्याची. आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण 'योग्य' ठरलेल्यांतला सगळ्यात गोड बोलणारा उचलायची मुभा राहतेच. म्हणून चांगलं पॅनेल आधीच चाळणी घट्ट ठेवतं.

आता उमेदवार कुठे मार खातात. मोठ्या कंपन्यांतले लोक दोन पानांच्या निवेदनात आपण काय काय चालवलं ते लिहितात. इतके हजार कोटींचं बजेट, इतके देश, इतकी माणसं. इथे चालवायचं काहीच नसतं हो! पॅनेलला हवा असतो तो प्रसंग, जिथे तुमच्या हातात सत्ता नव्हती, समोरचा तुमच्याहून वरचा होता, आणि तरी तुम्ही त्याला त्याचं मत बदलायला लावलंत. तो एक प्रसंग नीट लिहिता आला तर बाकीची कारकीर्द चार ओळींत उरकली तरी चालते. मुलाखतीत हमखास विचारतात : मंत्री जाहीरपणे एका तारखेला बांधले गेलेत, आकडे सांगतात की तारीख गाठणं शक्य नाही, तुम्ही काय कराल? 'बोर्डात मुद्दा मांडेन' हे उत्तर पुरत नाही. कोणाशी आधी बोलाल, काय कागद मागवाल, मंत्र्यांना एकट्याने भेटाल का, सेक्रेटरींना आधी कल्पना द्याल का. त्या क्रमावरून कळतं माणूस कसा आहे.

वसुधा_लीड्स

वाचतेय, छान चाललंय. मी एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) एका रुग्णालय ट्रस्टवर नॉन-एक्झिक्युटिव्ह आहे, म्हणून फरक सांगावासा वाटला. आमचं बोर्ड कायद्याने खरंखुरं बोर्ड आहे. डॉक्टर, वित्तप्रमुख आणि आम्ही बाहेरचे, सगळ्यांची जबाबदारी सारखी, मताचा अधिकारही सारखा. उद्या वॉर्डात काही विपरीत घडलं तर 'आम्ही नुसता सल्ला दिला होता' असं म्हणायची सोय नाही. शिवाय आमचा फाउंडेशन ट्रस्ट आहे, तिथे बाहेरच्या सदस्यांना गव्हर्नर मंडळ नेमतं, ज्यात रुग्ण आणि गावातले लोक निवडून येतात. ज्याला प्रश्न विचारायचे तो माणूस आपल्याला नेमत नाही. त्यामुळे जीभ जरा सैल सुटते.

थेम्सकाठचे दादा, तुम्हाला जबाबदारी हवी असेल तर ट्रस्टचा विचार करा. मानधन कमी आणि रात्री झोप उडते, ते वेगळं.

रेल्वेवेडा_दादरकर

रेल्वेचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. लीडच्या खुर्चीचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

वेस्ट कोस्ट मेन लाइन. लंडन यूस्टनहून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ग्लासगो. १९९७ पासून व्हर्जिन चालवत होती. १५ ऑगस्ट २०१२ ला परिवहन खात्याने जाहीर केलं की पुढचं कंत्राट फर्स्टग्रुपला. व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन खवळले, कोर्टात गेले. खातं म्हणत राहिलं, प्रक्रिया चोख आहे. आणि ३ ऑक्टोबरला, कोर्टात उभं राहायच्या आधीच, नवे मंत्री पॅट्रिक मॅकलॉकलिन यांनी सगळंच रद्द केलं. बोली लावणाऱ्यांचा खर्च परत करायचा अंदाज ४ कोटी पौंड सांगितला. करदात्यांचे.

चूक काय होती? कंपनी मध्येच हात वर करेल या भीतीपोटी तिच्या मालकांकडून हमी म्हणून कर्जाची सोय करून घेतात. बोली जितकी धाडसी तितकी हमी मोठी. ती किती हवी हे काढायला जे गणित वापरलं, त्याचे आकडे महागाई न धरता होते, आणि वापरले गेले महागाई धरल्यासारखे. म्हणजे हमी कमी निघाली. वर त्या आकड्यांत मागाहून फेरफार झाले, तेही सगळ्यांना एकसारखे नाहीत. आणि सगळ्यात कहर म्हणजे निःपक्षपातीपणा राखायचा म्हणून वरिष्ठांना बोलीवाल्यांची नावंच सांगितली नव्हती, त्यामुळे आपण कोणत्या कंपनीची कोणती जोखीम मंजूर करतोय हे वर कोणालाच धड दिसलं नाही.

चौकशी कोणी केली? सॅम लेडलॉ यांनी. तेव्हा सेंट्रिका या ऊर्जा कंपनीचे प्रमुख, आणि याच परिवहन खात्याचे लीड नॉन-एक्झिक्युटिव्ह. ऑक्टोबर संपायच्या आत प्राथमिक निष्कर्ष, डिसेंबरात पूर्ण अहवाल. सही मारून मोकळे झाले नाहीत. अपुरी तयारी, विस्कळीत रचना, धोक्याच्या सूचना वर न जाणं, सगळं स्पष्ट लिहिलं.

खडूस_पुणेकर

अहवाल चांगला होता, मान्य. पण गोंधळ घडत होता तेव्हा बोर्डावर हेच बसले होते ना? घर जळाल्यावर पंचनामा उत्तम केला, असं झालं.

फायलीतला_किडा

खडूस, बरोबर आणि चूक दोन्ही. एकेक कंत्राट बोर्डापुढे यायचंच असं नसतं, त्याला वेगळ्या समित्या असतात. पण त्या समित्यांपर्यंत वाईट बातमी पोचते का, हे विचारायचं काम लीडचं, हे मात्र त्या प्रकरणानंतर आमच्याकडे नव्या सदस्यांना आवर्जून सांगतात. आणि बाहेरच्या सदस्याकडे ऑडिट समितीचं अध्यक्षपद असतं. माझ्या मते बोर्डापेक्षा ती खोली जास्त कामाची. तिथे मंत्री नसतात, अंतर्गत लेखापरीक्षक असतात, नॅशनल ऑडिट ऑफिसचा (आपल्याकडचं कॅग समजा) माणूस असतो, आणि कोणालाही भाषण करायचं नसतं.

सातारचा_पेन्शनर

दादरकर, तुमच्या रेल्वेवरून आठवलं. आपल्या मंत्रिमंडळाने २४ डिसेंबर २०१९ ला रेल्वे बोर्डाच्या फेररचनेचा निर्णय घेतला, त्यात असेच बाहेरचे स्वतंत्र सदस्य घ्यायचं म्हटलं होतं. उद्योग, अर्थ, व्यवस्थापन यांतला ३० वर्षांचा अनुभव ही अट. कार्यकारी नव्हे, सल्ल्यापुरते. म्हणजे कल्पना आपल्याकडेही पोचली आहे. माझं म्हणणं एवढंच की ३० वर्षांच्या अनुभवाची अट घालणं सोपं असतं. साहेबापुढे तोंड उघडण्याचा अनुभव किती, हा रकाना कोणत्याच अर्जात नसतो. हेडहंटरीण बाई म्हणतायत ते पॅनेल तो रकाना तोंडी तरी भरून घेतं, हे मला पटलं.

थेम्सकाठचा

सगळ्यांचे आभार. तक्ता काढला. गेल्या वर्षी बोर्ड ठरल्याप्रमाणे बसलं, मंत्री एक सोडून सगळ्या बैठकांना होते, पण वर्षात मंत्रीच बदलल्यामुळे हजेरी दोन नावांत विभागली आहे. आता मला नेमणारा मंत्री माझी मुदत संपेपर्यंत टिकेल याची काय शाश्वती? की हीच चांगली गोष्ट समजायची?

दुसरं. माझ्याकडे जुन्या कंपनीचे शेअर आहेत, पेन्शनही तिथलीच. त्या कंपनीची या खात्याशी कंत्राटं आहेत. अर्जात लिहावं की पुढच्या टप्प्यावर?

हेडहंटरीण

मंत्री बदलणं हे धरूनच चाला. मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि इथे तेवढ्यात मंत्री टिकतोच असं नाही. नवा मंत्री आपला माणूस आणू शकतो, पण बरेचसे जुन्यालाच ठेवतात, कारण खात्यात मागचं आठवणारा कोणीतरी लागतो.

शेअरचं पहिल्याच अर्जात लिहा. हितसंबंधांचा रकाना त्यासाठीच असतो. गेल्या पाच वर्षांतलं राजकीय कामही विचारतात : पक्षासाठी उमेदवारी, पद, मोठी देणगी असं काही. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, नंतर सापडणं महागात पडतं. पेपरवाल्यांना कंपनी नोंदणीची माहिती एका क्लिकवर मिळते.

फायलीतला_किडा

शेअर बहुधा विकायला सांगतील, किंवा त्या कंपनीचा विषय आला की तुम्ही खोलीबाहेर. पण तुम्ही म्हणता तेवढी कंत्राटं असतील तर दर बैठकीत बाहेरच उभे राहाल, मग लीड कशाला? तेव्हा विकायची तयारी आहे हे आधीच लिहून टाका. पेन्शन ठरावीक रकमेची असेल तर सहसा अडचण येत नाही, पण जाहीर करायचीच. आणि मानधनातून कर थेट कापूनच हाती येईल. आपल्या सल्लागार कंपनीच्या नावाने बिल लावू म्हणाल तर चालणार नाही.

वसुधा_लीड्स

आणि दादा, अर्ज टाकण्याआधी पर्मनंट सेक्रेटरींशी अर्धा तास बोलायची वेळ मागा. उमेदवारांना बहुधा देतात. मावळत्या लीडशीही बोलायला मिळालं तर सोडू नका. त्यांना एवढंच विचारा की तुमचं ऐकलं गेलं नाही तो शेवटचा विषय कोणता.

खडूस_पुणेकर

टाका हो काका अर्ज. तुमच्यासारखे गेले नाहीत तर आमचे 'व्होट लीव्ह'वाले आहेतच. आणि नेमणूक झाली तर पहिल्या बैठकीचा वृत्तांत इथे लिहा.

थेम्सकाठचा

वृत्तांत लिहिला तर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली आत जाईन, खडूसराव! मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. शेअरचं ब्रोकरशी आज बोललो. ट्रस्टच्या जागांबद्दल वसुधाताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. निवेदनाचा कच्चा खर्डा तयार आहे, पण पहिल्या पानभर मी काय काय चालवलं तेच आहे, ते उडवतो. कोणी नजर टाकेल का?

हेडहंटरीण

पाठवा, पण इथे चिकटवू नका, व्यनि करा. रविवारपर्यंत लाल पेनाने परत देते.